भागीकाकीचं खळं आणि विश्वासरावांचा पिकलबॉल

एका जंगलात हवा फार चांगली होती.

बाळांनो, एवढ्यावरूनच तुम्हांला कळायला हवं की पुढे काहीतरी वाईट घडणार आहे. जिथली हवा वाईट असते, तिथले प्राणी दिवसभर पोटापाण्याच्या मागे असतात. हवा चांगली असली की त्यांना वेळ मिळतो. आणि वेळ मिळाला की त्यांना छंद लागतात.

हे जंगल समुद्राकाठी होतं. तिथे थंडीत कुडकुडायला होत नसे. उन्हाळ्यात वारा असायचा, त्यामुळे घामही बेताने यायचा. पावसाचे चार महिने सोडले, तर वर्षभर कधीही बाहेर पडावं अशी ती हवा. जंगलाला तिचा भारी अभिमान होता. दोन प्राणी वाटेत भेटले की एकमेकांची खुशाली विचारायच्या आधी हवेचं कौतुक करत. जणू काही ती हवा यांच्या आजोबांनी करून ठेवली होती. अलीकडे तर ते आपल्या जंगलाला जंगल म्हणेनासे झाले होते. शहर म्हणत. तिथे कोणी रस्ता बांधला नव्हता की दिवा लावला नव्हता, पण म्हणायला काय जातं?

तर या जंगलाच्या कडेला, अगदी समुद्राला लागून, एक खळं होतं. खळं म्हणजे दगडगोटे वेचून, माती चोपून, सारवून सपाट केलेली जागा. ते खळं भागीकाकीचं. भागीकाकी म्हणजे पाणमांजरीण. तिच्या आजीने तिथले दगड वेचले होते आणि आईने माती चोपली होती. भागीकाकी रोज पहाटे समुद्रात शिरायची. बांगडे आणायची, सुंगटं आणायची. सुंगटं म्हणजे कोळंबी. तुम्ही हॉटेलात खाता तीच, फक्त तिकडे ती महाग नसते. हे सगळं ती खळ्यावर उन्हात पसरायची, दिवसभर कावळ्यांना हाकायची, आणि संध्याकाळी गोळा करून झाकून ठेवायची.

याचं कारण पाऊस. पावसात समुद्र खवळला की पाणमांजरसुद्धा आत शिरत नाही. ते महिने भागीकाकीची पिल्लं या सुक्या मासळीवर काढायची. आणि नुसती तिची पिल्लंच नाहीत बरं का. अख्खं जंगल पानाचा द्रोण घेऊन तिच्या दारात उभं राहायचं. "काकी, मूठभर सुंगटां दी गो," म्हणायचं. काकी द्यायची. कोल्ह्याला द्यायची, साळिंदराला द्यायची, सशालाही द्यायची. ससा मासळी खातो का, असं विचारू नका. ससा बोललेला तुम्हांला चालतो, मग त्याने खाल्लेलंही चालवून घ्या.

यात एक गोम होती. पावसात कोल्ह्याचं पोट सुंगटांनी भरायचं, म्हणून ससा पाऊसभर जिवंत राहायचा. सशाला हे ठाऊक नव्हतं. आपण आपल्या गोड स्वभावामुळे टिकून आहोत असं तो समजायचा.

असं सगळं ठीक चाललं होतं. मग विश्वासराव परत आले.

विश्वासराव म्हणजे कोल्हा. त्यांचा मुलगा सातासमुद्रापलीकडच्या एका जंगलात स्थायिक झाला होता. त्याच्याकडे काही महिने राहून विश्वासराव आले ते बूट, टोपी, मनगटाला पट्टा, हातात एक चपटी फळी आणि एक भोकाभोकांचा चेंडू घेऊन.

"याला पिकलबॉल म्हणतात," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "तिकडे सगळे हेच खेळतात. उघड्यावर, मोकळ्या हवेत. आणि हवा म्हणाल, तर आपल्यापेक्षा चांगली हवा आहे कुणाकडे?"

"पिकल म्हणजे लोणचं ना?" नानू साळिंदराने विचारलं. "लोणच्याचा काय संबंध?"

"काही संबंध नाही," विश्वासराव म्हणाले. "तीच तर गंमत आहे."

नानूला गंमत कळली नाही. पण बाकीचे हसले म्हणून तोही हसला. शिवाय चेंडूला आधीच भोकं आहेत हे बघून त्याला हायसं वाटलं होतं. अंगावरच्या काट्यांमुळे आजवर त्याला कुणी कुठल्या चेंडूच्या जवळ येऊ दिलं नव्हतं.

खेळ सोपा होता. फार धावायला नको, फार वाकायला नको, आणि तरी घरी जाऊन "खेळून आलो" असं दमलेल्या आवाजात सांगता येई. मधे जाळं. जाळ्याजवळच्या पट्ट्याला किचन म्हणायचं, आणि तिथे उभं राहून वरच्यावर चेंडू मारायचा नाही. "किचनपासून लांब राहा," विश्वासराव प्रत्येकाला बजावत. त्यांना स्वतःला हा नियम शिकायला वेळ लागला नाही. घरच्या किचनमध्येही ते जन्मात कधी गेले नव्हते.

आता खेळायला सपाट जागा हवी. जंगलात सपाट जागा एकच होती.

विश्वासराव भागीकाकीकडे गेले. बरोबर मुकुंद सशाला घेतलं. मुकुंद हा त्यांचा पार्टनर. ज्याच्या नुसत्या वासाने आपल्या बापजाद्यांनी बिळं गाठली, तो आता आपल्या खांद्यावर हात टाकतो, या गोष्टीने मुकुंद इतका फुलला होता की त्याला रात्री झोप येत नसे.

"काकी, सकाळी थोडा वेळ तुमचं खळं हवं होतं," विश्वासराव म्हणाले. "ऊन चढायच्या आत संपवतो."

"खेळा बापडे," भागीकाकी म्हणाली. "माझी मासळी ऊन चढल्यार घालतंय मी. तोवर काय, जागा रिकामीच आसा."

तिने त्यांना आपलं जुनं जाळंही दिलं. वर थंडगार पन्हं दिलं. काकी अशीच होती, आणि अशा लोकांचं पुढे काय होतं ते तुम्ही ऐकतच आहात.

थोडा वेळ म्हणजे किती, हे बाळांनो, घड्याळ ठरवत नाही, घेणारा ठरवतो. आधी ऊन चढेपर्यंत खेळ चालायचा. मग हवाच इतकी छान की ऊन चढलेलं कळायचंच नाही. मग संध्याकाळची एक तुकडी तयार झाली. मग दुपारी नवशिक्यांना शिकवायला लागले. दिवसभर टॉक, टॉक, टॉक. घुबडाने आवाजाची तक्रार केली, तर त्याला सांगण्यात आलं की तो निशाचर असल्यामुळे त्याला शहरी जीवनाशी जुळवून घेता येत नाही.

भागीकाकी टोपली कमरेवर घेऊन खळ्याच्या कडेला उभी राहायची. त्यांचा डाव संपला की दुसरा सुरू व्हायचा. मधल्या वेळात तिने कोपऱ्यात थोडी सुंगटं पसरली, तर मुकुंद त्यांच्यावरून घसरून पडला. पडला म्हणजे बसला. पण लगेच सगळे जमा झाले. कुणी त्याचा पाय चोळला, कुणी वारा घातला, आणि खेळाडूंच्या सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला.

"आणि वास," नानू म्हणाला. आयुष्यभर त्याच वासाच्या मागून तो द्रोण घेऊन आला होता.

"प्रश्न वासाचा नाही," विश्वासराव म्हणाले. "प्रश्न शहराच्या प्रतिमेचा आहे. उद्या बाहेरच्या टीम येतील. त्यांनी काय बघायचं? सुंगटं?"

भागीकाकीला राग आला. "पुढे पाऊस येतलो," ती म्हणाली. "तेवा खातलास काय? ह्यो चेंडू?"

"पावसाचं पावसात बघू," विश्वासराव म्हणाले. "आत्ता हवा बघा ना कशी आहे."

आता या जंगलातली एक जुनी रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. उंडीच्या झाडाखाली एक दगड होता. तो तिथला राखणदार. कसलंही काम काढलं की राखणदारापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं घालण्याचा मान बाबल गावकराचा. बाबल म्हणजे थोरला वानर. तो मोठ्या आवाजात देवाकडे मागणं मागायचा आणि जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मागणं काय आहे ते ऐकायची पद्धत नव्हती. आवाज वर गेला आणि थांबला, की व्हय म्हाराजा. आईच्या पाठीवर असल्यापासून सगळे हेच करत आले होते. नाही म्हाराजा असं आजपर्यंत तिथे कुणी म्हटलेलं नव्हतं.

विश्वासरावांनी मोठी स्पर्धा जाहीर केली आणि उद्घाटनाला गाऱ्हाणं ठेवलं. त्याआधी दोन दिवस ते बाबलच्या झाडाखाली बरेचदा दिसले.

सगळं जंगल जमलं. भागीकाकीही आली. देवाचं काम म्हटल्यावर ती कशी राहील? समुद्रातून निघून ती तशीच ओलेती मागे येऊन उभी राहिली, कमरेवर टोपली, टोपलीत ताजी सुंगटं. पिल्लं पायांत घोटाळत होती. त्यांना दटावण्यात तिचं अर्धं लक्ष होतं.

बाबलने हात जोडले. "बा राखणदारा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत. त्यांच्या खेळाक यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"त्यांच्या हातापायाक बळ दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"ह्या समुद्राकडचा खळा आजपासून खेळगड्यांचाच होऊं दी, नि तेच्यावर दुसऱ्या कोणी कायएक पसरूचा नाय, अशी बुद्धी सगळ्यांका दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

भागीकाकीही म्हणाली.

तिने मुद्दाम म्हटलं नाही. ते तिच्या तोंडून गेलं. धाकट्याच्या पाठीत धपाटा घालता घालता, सवयीने, सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून ती खणखणीत आवाजात म्हणून गेली. मग तिचा हात वरच्या वर थांबला. आजूबाजूचे सगळे तिच्याकडे बघत होते.

"बाबल, माका नीट ऐकाक येऊक नाय," ती म्हणाली. "खळा कोणाचा म्हणालास?"

"काकी, आता काय हे," विश्वासराव पुढे येऊन म्हणाले. त्यांचा आवाज लोण्यासारखा मऊ होता. "तुम्ही स्वतः होय म्हणालात. देवासमोर म्हणालात."

"मी ऐकलं," मुकुंद म्हणाला. "माझे कान चांगले आहेत."

"पोरां दंगो करी होती. माझ्या तोंडातून गेला ता."

"देवाक दिलेलो शब्द मागे घेऊक येणा नाय, भागी," बाबल गावकर म्हणाला आणि नारळाची मोठी वाटी घेऊन झाडावर चढला.

झालं. दुसऱ्या दिवशी खळ्याभोवती पांढऱ्या चुन्याच्या रेघा आल्या. बसायला ओंडके आले. भागीकाकीचं जुनं जाळं ताणून बांधलं गेलं.

भागीकाकीने वाळूत मासळी पसरली. वाऱ्याने वाळू उडाली आणि सुंगटांना अशी चिकटली की ती दातांखाली कचकचायला लागली. तिने कातळावर बांगडे पसरले. भरती आली आणि बांगडे जिथून आले होते तिथे परत गेले. तिने झाडावर टांगले, ते कावळ्यांनी नेले. पाऊस जवळ येत होता. भागीकाकीच्या घरात कोपऱ्यात जी रास एरवी छपराला टेकायची, ती यंदा धाकट्या पिल्लाच्या गुडघ्यालाही लागत नव्हती. ती रोज त्या राशीकडे बघायची आणि मनातल्या मनात पिल्लं आणि महिने यांची वाटणी करायची. वाटणी जमायची नाही.

तेव्हा तिला एक गोष्ट सुचली. ज्या रिवाजाने आपलं खळं गेलं, त्याच रिवाजाने ते परत का येऊ नये?

स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या दिवशी ती नारळ घेऊन बाबलकडे गेली. बाबल कुरकुरला. पण आलेला नारळ परत पाठवणं हे गावकीत बसत नव्हतं, आणि नारळही चांगला मोठा होता. तो खाली उतरला. सामना ऐन रंगात होता. विश्वासराव आणि मुकुंद एका बाजूला, रानडुकरांची जोडी दुसऱ्या बाजूला. बाबलने खळ्याच्या कडेला उभं राहून हात जोडले आणि आवाज चढवला.

"बा राखणदारा म्हाराजा!"

फळ्या जागच्या जागी थांबल्या. विश्वासरावांनी टोपी काढली. मुकुंदने पाय जोडले.

"ह्या भागीचा खळा तिका आजच्या आज परत मिळूं दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," सगळं जंगल म्हणालं. खेळाडू म्हणाले, प्रेक्षक म्हणाले, सगळ्यांत मोठ्या आवाजात विश्वासराव म्हणाले.

भागीकाकीचे डोळे भरून आले. तिने टोपली उचलली आणि खळ्यावर पाऊल टाकलं.

"हं," टोपी घालत विश्वासराव म्हणाले, "सर्व्हिस कोणाची?"

टॉक, टॉक, टॉक.

"विश्वासराव," भागीकाकी म्हणाली. "आता तुमी सगळ्यांनी व्हय म्हटलास."

"म्हटलं की."

"मग माझा खळा?"

"काकी, जरा समजून घ्या," चेंडूवरची नजर न हलवता विश्वासराव म्हणाले. "आम्ही होय म्हटलं ते देवाला. तुम्हांला नाही. त्याला द्यायचं तेव्हा तो देईल. त्याच्या कामात आपण कोण ढवळाढवळ करणार?"

"नि मी म्हटलंय ता? ता पण देवाकच म्हटला मी."

"हो, पण ते आम्ही ऐकलं होतं ना."

मला इथे राग येतो, बाळांनो. ही गोष्ट मी कितीदा सांगितली तरी येतो. बाबल तिथेच उभा होता. नानू तिथेच उभा होता. सगळ्यांच्या पोटात गेल्या पावसातली काकीची सुंगटं होती. एकानेही तोंड उघडलं नाही. उघडलं ते विश्वासरावांनी पॉइंट घेतल्यावर, वाहवा करायला.

भागीकाकी खळ्यावरून उतरली. पाऊस सुरू व्हायच्या आधी एका दुपारी, होती तेवढी मासळी पाठीवर बांधून आणि पिल्लांना पुढे घालून, ती खाडीच्या वरच्या अंगाला निघून गेली. खेळाडूंनी तिला जाताना पाहिलं. कुणीतरी म्हणालं, नातलगांकडे चालली असेल. मुकुंदने फळी हलवून तिला टाटा केला.

मग पाऊस आला आणि खळ्यावर पाणी साचलं. खेळ बंद पडला. काही दिवस सगळ्यांनी खेळाच्या गप्पांवर काढले. मग भूक लागली. तेव्हा सगळे नेहमीप्रमाणे द्रोण घेऊन भागीकाकीच्या दारात गेले. दार उघडं होतं. आत कोणी नव्हतं आणि काही नव्हतं.

"हे काही बरोबर नाही," नानू म्हणाला. "न सांगता जायचं म्हणजे काय? आमच्यासारख्यांनी करायचं काय?"

सगळ्यांना ते पटलं. ते भागीकाकीला नावं ठेवत भिजत घरी गेले.

भुकेचे दिवस फार वाईट. रानडुकरं कंद उकरायला डोंगरावर गेली. नानू साली कुरतडून राहिला. विश्वासरावांना कंद आवडत नसत आणि सालीही आवडत नसत. ते मुकुंदच्या बिळात येऊन बसायला लागले. बसून पुढच्या मोसमाचे बेत करायचे.

"मुकुंदा, तू अंगाने चांगला भरलास," एकदा ते म्हणाले.

"खेळामुळे," मुकुंद खूश होऊन म्हणाला. "मांड्या बघा कशा झाल्यात."

"बघतोय," विश्वासराव म्हणाले.

पाऊस ओसरल्यावर सभा भरली. विश्वासरावांची तब्येत सुधारलेली दिसत होती. त्यांनी जड आवाजात जाहीर केलं, की आपला लाडका खेळाडू मुकुंद आता आपल्यात नाही. हे सभेपुरतं खरं होतं; खुद्द विश्वासरावांपुरतं म्हणाल तर तितकंसं नव्हतं. मुकुंदच्या नावाने चषक ठेवायचं ठरलं. असा प्रसंग जंगलावर का ओढवला याचाही विचार झाला, आणि ऐन गरजेच्या वेळी समाजाला वाऱ्यावर सोडून गेल्याबद्दल भागीकाकीचा निषेध करण्यात आला. मग मुकुंदसाठी सगळे उभे राहिले, माना खाली घालून, आणि विश्वासराव सगळ्यांत शेवटी बसले.

तिकडे खाडीच्या वरच्या अंगाला भागीकाकीच्या धाकट्या पिल्लाने तो पाऊस काढला नाही. त्याच्या वाटची मूठ श्रावणातच संपली होती. आईने आपली मूठ त्याला दिली, तीही पुरली नाही. त्याला पुरून ती वर आली तेव्हा दोन्ही मोठी पिल्लं नव्या खळ्यासाठी चिखलातले दगड वेचत होती. त्याच्यासाठी सभेत कोणी उभं राहिलं नाही, कारण ते कुठल्याच टीममध्ये नव्हतं.

तात्पर्य : दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन खुशाल खेळावं, फक्त आधी त्याच्याकडून चारचौघांत ‘होय’ म्हणवून घ्यावं. आपलं ‘होय’ मात्र देवाला द्यावं. तो खळं मागायला येत नाही.